बहिणीला चक्रीवादळांवर रिसर्च करायचाय, कोल्हापुरातनं पुढं कसं जायचं?

पंचगंगाकाठ
नमस्कार मंडळी. धाकटी बहीण इथंच कोल्हापुरात बीएस्सी फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला हाय आणि तिनं घरात सांगूनच टाकलंय की मला चक्रीवादळं आणि हवामान बदल यावर रिसर्च करायचाय. आबा म्हणत्यात समुद्र कोकणात, आपण घाटावर, हे कसलं करिअर, बँकेची परीक्षा दे. २०१९ च्या पुरात आमचं दुकान पाण्यात होतं, तवापासनं ही पोरगी सॅटेलाइटचे फोटो बघत बसते. मी तिच्या बाजूनं हाय पण आबांना सांगायला माझ्याकडं काय नाही. हे लोक दिवसभर नेमकं करतात काय, शिकायचं कुठं, पोट भरतं का?

घाटावरची
दादा, मी गडहिंग्लजची, पुण्यात याच विषयात पीएचडी करतेय. आधी एक, २०१९ चा पूर चक्रीवादळाचा नव्हता, तो घाटातल्या मान्सूनच्या पावसाचा. पण त्याच वर्षी जूनमध्ये अरबी समुद्रात 'वायू' वादळ आलं आणि मान्सूनची वाटचाल रखडली, म्हणजे समुद्रातलं वादळ आणि आपल्या शेतातला पेरा यांचा संबंध आहे, आबांना हे सांगा.

दिवसभर काय करतो तर बहुतेक वेळ कॉम्प्युटरसमोर. अमेरिकेत वादळात विमान घालून वारा मोजतात, आपल्याकडं तसं नेहमी होत नाही, म्हणून सॅटेलाइटच्या फोटोतला ढगांचा आकार बघून ड्वोरॅक पद्धतीनं जोर ठरवतात, आणि सॅटेलाइटच्या आधीची वादळं तर जहाजांच्या आणि किनाऱ्यावरच्या नोंदींवरनं शोधलेली, त्यामुळं जुना आकडा आणि नवा आकडा शेजारी ठेवायच्या आधी तो कसा मोजला होता हे बघण्यातच महिने जातात. मला हेच काम सगळ्यात आवडतं. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये दाखवलं की २००१ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातली चक्रीवादळं आधीच्या दोन दशकांच्या मानानं ५२ टक्क्यांनी वाढली आणि बंगालच्या उपसागरात थोडी कमी झाली. पण अरबी समुद्रात वर्षाला वादळं होतात एक-दोन, इतक्या थोड्या आकड्यांवर यातलं तापमानवाढीमुळं किती आणि आपोआपची चढउतार किती हे सांगणं लई अवघड, आणि तुमच्या बहिणीसारख्यांना करायला काम तिथंच आहे.

निवृत्तमास्तर
फिजिक्स शिकवण्यात आयुष्य गेलं म्हणून लिहितो. बाळा, तुझ्या बहिणीनं कार्नोचं इंजिन शिकलेलं असणार, गरम बाजूकडनं उष्णता घ्यायची, थंड बाजूला टाकायची, मधे काम काढायचं. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाचे हवामानशास्त्रज्ञ केरी इमॅन्युएल यांनी चक्रीवादळ तसंच मांडलं, खाली गरम समुद्र, वर पंधरा-सोळा किलोमीटरवर कडाक्याची थंड हवा, आणि मधलं काम म्हणजे वारा. त्यावरनं १९८७ मध्ये त्यांनी गणित केलं की कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर वादळांची विध्वंसक ताकद ४० ते ५० टक्के वाढू शकते. तेव्हा ते नुसतं कागदावर होतं. २००५ च्या ऑगस्टमध्ये प्रत्यक्ष नोंदींवरनं वादळांची ताकद वाढल्याचा त्यांचा पेपर आला आणि त्याच महिन्याच्या शेवटी कतरिना वादळ अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सवर धडकलं. मधे अठरा वर्षं गेली. एकच प्रश्न इतकी वर्षं धरून ठेवायची तयारी पाहिजे, तिला आहे का ते विचार.

आपल्याकडं ओडिशाचंच बघ, १९९९ च्या महाचक्रीवादळात दहा हजारांच्या आसपास माणसं गेली आणि २०१३ च्या 'फायलिन'ला अंदाज वेळेत आला, लाखो लोक आधीच हलवले, मृत्यू दोन आकड्यांत राहिले. हे काम असल्या करिअरवाल्यांचं.

आणि घाटावर काय होतं म्हणणाऱ्यांना सांग की आपल्या शिवाजी विद्यापीठात ऐंशी-नव्वद किलोमीटर उंचीवरचे वारे मोजणारा रडार बसवला होता, आणि महाबळेश्वरात ढगांची प्रयोगशाळा आहे.

उजळाईवाडी
बाकी सगळं बरोबर हो, पण पैशाचं कुणीतरी बोला की. पर्मनंट जागा थोड्या आहेत, पीएचडीनंतर पोस्टडॉक म्हणजे दोन-तीन वर्षांची तात्पुरती संशोधनाची नोकरी, बऱ्याचदा परदेशात, म्हणजे तिशी उलटल्यावर स्थिरावायचं. घरच्यांना हे आधीच सांगून ठेवा, मागनं भांडणं नकोत.

घाटावरची
खरंय, लपवू नका. पण मधली वर्षं बिनपगारी नसतात. सीएसआयआरची नेट परीक्षा असते, तिच्यात वरच्या यादीत नंबर लागला की जेआरएफ, म्हणजे पीएचडीची फेलोशिप मिळते, महिना ३७,००० आणि वर घरभाडं. त्या परीक्षेत अर्थ सायन्सचा (पृथ्वी, हवा, समुद्र) वेगळा पेपर असतो. एमएस्सी-एमटेकसाठी पुणे विद्यापीठाचा अ‍ॅटमॉस्फेरिक सायन्स विभाग, कोची, विशाखापट्टणम बघा, फिजिक्सवाल्यांना चालतं. आत्तापासनं पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकायला लावा, जगभरच्या चक्रीवादळांचा डेटा इंटरनेटवर फुकट आहे, तो उघडून २०२० च्या 'निसर्ग' वादळाचा मार्ग स्वतः काढायला सांगा.

पंचगंगाकाठ
लई आभार सगळ्यांचे. मास्तर, कार्नोचं वाचून दाखवलं तर ती वही घेऊनच बसली, आणि आबांनी विचारलं की घरभाड्याचे पैसे वेगळे मिळतात व्हय. ताई, तिचं गणित चांगलं हाय पण कोडिंग शून्य, साध्या लॅपटॉपवर हा डेटा उघडतो का नवा घ्यावा लागंल?

घाटावरची
४ जीबीचा असला तरी उघडतो. मेसेज करा, पहिली फाइल मी तिच्याबरोबर बसून उघडून देते.