आधी गळतीचा उगम शोधा

गाडीखाली इंजिन ऑइलचे थेंब दिसले म्हणून मेकॅनिकने लगेच क्रँकचं (इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याचं) मागचं ऑइल सील गेलंय, गिअरबॉक्स उतरवावा लागेल असं सांगितलं, असं तुम्ही लिहिलंय. कृपया इतक्यात हो म्हणू नका. तेल वरून खाली ओघळतं. टॅपेट कव्हरचं (इंजिनच्या माथ्यावरच्या झाकणाचं) पॅकिंग कडक झालं की इंजिनच्या मागच्या बाजूने तेल उतरतं आणि नेमकं गिअरबॉक्सच्या जोडापाशी थेंबथेंब पडतं. माझ्या जुन्या गाडीत हेच निघालं.

इंजिन गार असताना डिग्रीझरने (तेलकटपणा काढणाऱ्या द्रवाने) पुसून कोरडं करा, पंधरा-वीस मिनिटं गाडी चालवा आणि टॉर्चने वरून खाली बघत या. सर्वांत वरची ओली जागा हाच उगम. पॅकिंग बदललं तरी बोल्ट जोर लावून आवळू नका, कव्हर वाकतं.

पीसीव्ही व्हॉल्व्हही (इंजिनच्या आत साठणारे वायू बाहेर काढणारी झडप) तपासून घ्या. तो चोंदला की क्रँककेसमध्ये (क्रँक असतो त्या इंजिनच्या खालच्या भागात) दाब वाढतो आणि नवं सीलसुद्धा पाझरायला लागतं.

तोवर डिपस्टिक (तेलाची पातळी दाखवणारी पट्टी) दर दोन-तीन दिवसांनी बघत राहा. तेल एक्झॉस्टवर ठिबकत असेल, जळका वास येत असेल तर मात्र गाडी बाहेर काढू नका, आग लागू शकते.