घरच्या रेकॉर्डिंगसाठी आणि गाणी ऐकण्यासाठी परवडणारा क्लोज्ड-बॅक हेडफोन कोणता घ्यावा?

खर्जसाधक:
नमस्कार. मी सांगलीला राहतो आणि घरातल्या एका खोलीत अभंग व भावगीते रेकॉर्ड करतो. एक कंडेन्सर माइक आणि माइक संगणकाला जोडणारा फोकसराइटचा स्कारलेट टू-आय-टू इंटरफेस एवढीच माझी सामग्री आहे. आजवर मी ओपन-बॅक, म्हणजे मागची बाजू उघडी असलेला हेडफोन वापरत आलो. ऐकायला तो उत्तम आहे, परंतु गेल्या आठवड्यात एका अभंगाचे मिक्सिंग करताना तानपुऱ्याचा ट्रॅक बंद केला, तेव्हा शेवटच्या ओळीतल्या लांबवलेल्या षड्जामागे तानपुरा आणि मेट्रोनोमची टिकटिक दोन्ही स्पष्ट ऐकू आली. टेक मनासारखा लागला होता, तरी तो टाकून द्यावा लागला.

आता क्लोज्ड-बॅक, म्हणजे मागची बाजू बंद असलेला हेडफोन घ्यायचा आहे. दहा-बारा हजार रुपयांपर्यंत खर्च करण्याची तयारी आहे. फारच फरक पडणार असेल तर थोडे वर जाता येईल. ऑडिओ-टेक्निकाचा एम-४०एक्स, सोनीचा एमडीआर-७५०६ आणि बेयरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो ही तीन नावे मनात आहेत. रात्री तासभर निवांत गाणी ऐकण्यासाठीही तोच वापरणार आहे. मला चष्मा आहे. कृपया मार्गदर्शन करावे.

मध्यसप्तक:
नमस्कार. मी बरीच वर्षे गायकांचे रेकॉर्डिंग करत आलो आहे, म्हणून आधी तुमच्या टेकविषयी लिहितो. ओपन-बॅकची पाठ जाळीची असल्याने त्यातला आवाज बाहेर फुटतो आणि संवेदनशील कंडेन्सर माइक तो टिपतो. गाताना तो जाणवत नाही, परंतु पुढे आवाजावर कॉम्प्रेसर लावला की मोठ्या जागा खाली दाबल्या जातात, एकंदर पातळी वर आणली जाते आणि तिच्याबरोबर हा झिरपलेला आवाजही वर येतो. क्लोज्ड-बॅकमुळे तो पुष्कळ कमी होतो, मात्र इअरपॅड कानाभोवती नीट बसले असतील तरच.

आपल्याकडच्या गायकांची एक सवय इथे आड येते. स्वतःचा सूर कानावर यावा म्हणून ते हेडफोनची एक बाजू कानावरून मागे सरकवतात आणि मोकळ्या राहिलेल्या त्या वाटीतून तानपुरा थेट माइकमध्ये जातो. दोन्ही कान बंद झाले की स्वतःचा आवाज डोक्यात घुमतो आणि सुराचा अंदाज चुकतो, त्यामुळे या सवयीमागचे कारण मला पूर्ण मान्य आहे. यावर उपाय असा की तुमच्या इंटरफेसवरचे डायरेक्ट मॉनिटर सुरू करावे, म्हणजे स्वतःचा आवाज विलंब न होता कानात येईल, आणि तानपुरा गरजेपुरताच ठेवावा. तरीही एक कान मोकळा हवाच असेल, तर ती वाटी कानामागे डोक्यावर घट्ट टेकवावी, अधांतरी ठेवू नये.

आता निवडीविषयी. एमडीआर-७५०६ हा १९९१ पासून स्टुडिओंमध्ये वापरात आहे. त्याचा वरचा पट्टा ठसठशीत असल्यामुळे श्वास, ओठांचा चटका, ‘स’ आणि ‘श’ यांची धार, चुकीच्या ठिकाणी केलेला कट, हे सर्व त्यात ताबडतोब सापडते. नेमक्या याच गुणामुळे तो तासभर निवांत ऐकायला थकवणारा वाटतो आणि तानपुऱ्याची जवारी त्यात आहे त्याहून तीक्ष्ण भासते. त्याची वेटोळ्यांची वायर सुटी होत नाही. एम-४०एक्सचा तोल अधिक सपाट आहे, वायर काढता-घालता येते आणि सोबत दोन वायरी मिळतात. त्याचाच थोरला भाऊ एम-५०एक्स अधिक लोकप्रिय असला, तरी त्यात खालचे स्वर थोडे फुगवलेले आहेत आणि तबल्याचा डग्गा त्यात प्रत्यक्षापेक्षा भरदार वाटतो. तुमच्या दोन्ही कामांसाठी एकच घ्यायचा असेल तर मी एम-४०एक्स सुचवेन. कान मोठे असतील तर त्याचे इअरपॅड लहान वाटतात, म्हणून डोक्यावर घालून पाहिल्याशिवाय घेऊ नका.

नवा हेडफोन आल्यावर न गाता माइकसमोर बसा, तानपुरा व मेट्रोनोम नेहमीच्या पातळीवर ठेवा, अर्धा मिनिट रेकॉर्ड करा आणि तो ट्रॅक भरपूर वाढवून ऐका.

निषादप्रेमी:
मध्यसप्तक यांच्या म्हणण्याशी मी सहमत आहे; फक्त चष्म्याचा मुद्दा मागे राहिला. मी स्वतः चष्मा लावतो आणि गेली काही वर्षे डीटी ७७० प्रो वापरतो. चष्म्याच्या दांडीमुळे इअरपॅडखाली बारीक फट राहते. तेवढ्या फटीतून आधी बेस निसटतो, आणि आवाज बाहेर झिरपण्याचा मार्गही तोच. डीटी ७७० प्रोचे मखमली, मऊ इअरपॅड दांडीभोवती बऱ्यापैकी बसतात आणि उन्हाळ्यात कृत्रिम चामड्याइतका घामही आणत नाहीत. आरामाच्या बाबतीत या तिघांत मी त्यालाच पहिला मान देईन.

तो घेणार असाल तर इम्पिडन्स, म्हणजे ओहममध्ये मोजला जाणारा त्याचा विद्युत अवरोध, पाहून घ्या, कारण तो ३२, ८० आणि २५० ओहम अशा तीन प्रकारांत मिळतो आणि दुकानात बहुधा जो शिल्लक असेल तो पुढे केला जातो. एका मिलिवॅटला सुमारे ९६ डेसिबल ही त्याची क्षमता धरली, तर तेवढ्या आवाजासाठी ८० ओहमच्या हेडफोनला सुमारे ०.२८ व्होल्ट लागतात आणि २५० ओहमच्या हेडफोनला ०.५ व्होल्ट. गाण्यातल्या क्षणिक उसळ्यांसाठी २० डेसिबल राखून ठेवायचे म्हटले तर हेच आकडे दहापट होतात, म्हणजे २.८ आणि ५ व्होल्ट. लहान इंटरफेसला किंवा मोबाइलला ५ व्होल्ट सहसा झेपत नाहीत, म्हणून घरच्या कामाला ८० ओहमचा प्रकार योग्य. ‘जास्त ओहम म्हणजे जास्त दर्जा’ हा समज मनातून काढून टाका.

त्याची उणीवही सांगतो. ८ किलोहर्ट्झच्या आसपास त्यात ठळक उंचवटा आहे. भजनातले टाळ त्यात टोचतात, आणि केवळ त्याच्यावर विसंबून मिक्स केले तर टाळ नको इतके मागे ढकलले जातात. माझ्या एका रेकॉर्डिंगमध्ये तसे झाले आणि दुसऱ्याच्या स्पीकरवर ऐकल्यावर ते लक्षात आले. आता मी इक्वलायझरने तो पट्टा तीन-चार डेसिबल खाली घेऊनच ऐकतो.

शांतखोली:
तुमच्या यादीत नसलेले एक नाव सुचवतो. सेनहायझरचा एचडी २८० प्रो हा बाहेरचा आवाज ३२ डेसिबलपर्यंत रोखतो असे कंपनी सांगते, आणि तो खरोखरच घट्ट बसतो. परंतु याच घट्टपणामुळे चष्म्याच्या दांड्या अर्ध्या तासात कानामागे रुतू लागतात, म्हणून तुम्हाला तो बेताने सुचवतो. एवढे ध्यानात ठेवा की कुठलाही क्लोज्ड-बॅक वरचे आवाज चांगले अडवतो. रस्त्यावरच्या ट्रकची घरघर किंवा पंख्याची खालची गुणगुण त्याला फारशी अडत नाही. ती झाकण्यासाठी आवाज वाढवत नेऊ नका, कारण कानांच्या दृष्टीने ८५ डेसिबलला आठ तास ही मर्यादा मानली, तर दर ३ डेसिबलला ती वेळ निम्मी होते.

खर्जसाधक:
सर्वांचे मनापासून आभार. काल पुण्याला जाऊन एका दुकानात एम-४०एक्स, ७५०६ आणि ८० ओहमचा डीटी ७७० प्रो तिन्ही घालून पाहिले. तोच टाकून दिलेला टेक मोबाइलमध्ये नेला होता. ७५०६ वर ‘विठ्ठल’ म्हणतानाचा माझा प्रत्येक श्वास वेगळा ऐकू आला. तो मला कामासाठी हवासा वाटला, पण तीन गाण्यांनंतर कान शिणले. डीटी ७७० प्रो अतिशय सुखाचा होता. मात्र टाळांबद्दल निषादप्रेमी यांनी लिहिलेले तंतोतंत खरे निघाले, आणि किंमतही माझ्या मर्यादेच्या बरीच वर होती.

एम-४०एक्स घातला तेव्हा डग्गा अगदी पोकळ वाटला. क्षणभर हेडफोनच सदोष असेल असे वाटले. मग चष्मा काढला आणि डग्ग्याची घुमक जागच्या जागी परत आली. तोच घेतला. गाताना चष्मा काढता यावा म्हणून अभंगाचे शब्द मोठ्या टाइपात छापून स्टँडवर लावले आहेत, आणि रात्री ऐकताना चष्म्याची गरजच नसते.

आज सकाळी मध्यसप्तक यांनी सांगितलेली चाचणी केली. दोन्ही कान झाकून रेकॉर्ड केलेला अर्धा मिनिट कितीही वाढवला तरी त्यात पंख्याखेरीज काही ऐकू आले नाही. नंतर सवयीने डावी वाटी मागे सरकवून पुन्हा केले, तर टिकटिक परत हजर झाली. तो अभंग आज संध्याकाळी डायरेक्ट मॉनिटर लावून पुन्हा गाणार आहे.