डायव्हिंगला जाताना श्वासाचं जादा साधन घरून न्यावं की भाड्याचंच पुरे?

गिरणाकाठी (जळगाव)

दिवाळीनंतर आम्ही चौघं अंदमानला, स्वराज द्वीपला गेलो होतो. तिसरी डाईव्ह, खोली १६ मीटर. श्वास ओढला आणि हवेऐवजी तोंडात खारं पाणी आलं. रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरमधली हवा तोंडापर्यंत आणणारं साधन, भाड्याचा होता. माउथपीस आवळून धरणारा केबल टाय तुटला होता. रबर माझ्या दातांत राहिलं आणि सेकंड स्टेज, म्हणजे ते रबर ज्यावर बसतं तो भाग, नळीसकट खाली लोंबत होता. दातांखाली रबर लागत होतं म्हणून मला वाटलं, रेग्युलेटर तोंडातच आहे. पुन्हा ओढला, पुन्हा पाणी. छातीवर हात नेला तर पिवळा ऑक्टोपस, म्हणजे जादा सेकंड स्टेज, तिथे नाही. क्लिपमधून सुटून तो मागे वाळूतून फरफटत होता. मेहुणे हातभर अंतरावर होते. त्यांनी त्यांचा ऑक्टोपस माझ्या तोंडाला लावला, मी पर्जचं बटण दाबून पाणी काढलं आणि श्वास घेतला. सगळं मिळून दहा-बारा सेकंद. घरी हे अजून पूर्ण सांगितलेलं नाही.

ज्यांना या वस्तू माहीत नाहीत त्यांच्यासाठी: सिलिंडरच्या तोंडावर बसतो तो फर्स्ट स्टेज. सिलिंडरमधला २०० बारचा दाब तो भोवतालच्या पाण्याच्या दाबापेक्षा साधारण ९-१० बार जास्त एवढ्यावर आणतो. तोंडात धरतो तो सेकंड स्टेज. अडचणीतल्या जोडीदाराला द्यायला लांब नळीचा आणखी एक सेकंड स्टेज असतो, तो ऑक्टोपस.

माझं म्हणणं असं की आपल्यासारख्या वर्षातून एकदा जाणाऱ्यांनी तरी स्वतःचा रेग्युलेटर न्यावा, आणि त्यासोबत एक जादा सेकंड स्टेज बॅगेत ठेवावा. विहिरीवरची मोटार जळाली तर माणूस तालुक्याला जाऊन दुसरी आणतो. समुद्रात तेवढी उसंत मिळत नाही. तुमचं मत सांगा.

भुसावळकर

भाऊ, तुम्ही सुखरूप घरी आलात, बाकी सगळं त्यानंतर. पण तुमचा निष्कर्ष मला पटत नाही. तुम्हाला वाचवलं मेहुण्यांनी. तुमचा जादा सेकंड स्टेज त्या वेळी हॉटेलच्या खोलीत, बॅगेत असता.

तुम्ही दोन वेगळ्या गोष्टी एकाच पिशवीत भरताय. एक, पाण्याखाली अंगावर असलेला दुसरा श्वास. दुसरी, बोटीवर काही बिघडलं तर ट्रिप वाया जाऊ नये म्हणून नेलेला सुटा भाग. पहिल्यावर जीव अवलंबून असतो, दुसऱ्यावर सुट्टी. तुमची घटना पहिल्यातली आहे आणि तिच्यावरचा उपाय फुकट आहे. पाण्यात उतरायच्या आधी माउथपीस दोन बोटांनी ओढून बघायचा. ऑक्टोपस हनुवटी आणि बरगड्या यांच्यामधल्या त्रिकोणात अडकवायचा, आणि डोळे मिटून हात तिथे जातो का ते पाहायचं. दोन्ही सेकंड स्टेजमधून चार-चार श्वास घ्यायचे, घेताना सिलिंडरचा दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा हलतो का बघायचं. काटा हलला तर सिलिंडरचा व्हॉल्व्ह नीट उघडलेला नाही.

आणखी एक. रेग्युलेटरची घडणच अशी असते की बिघडला तर बहुतेक वेळा हवा अडत नाही, उलट भसाभसा सुटते. अशा सुटलेल्या हवेतून श्वास कसा घ्यायचा हे ओपन वॉटर कोर्समध्ये, म्हणजे डायव्हिंगच्या पहिल्या प्रमाणपत्राच्या कोर्समध्ये शिकवतात. तो सराव शेवटचा कधी केला होता, हे प्रत्येकाने आठवून पाहावं.

केळीवाला, रावेर

भुसावळकरांना माझा दुजोरा, आणि माझा अनुभवही जोडतो. मी हौसेने स्वतःचा सेट घेतला. दोन ट्रिपा झाल्या, मग घरात आजारपण आलं आणि सेट तीन उन्हाळे माळ्यावर राहिला. वर पत्रा. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ च्या वर जातो, पत्र्याखाली काय होत असेल ते तुम्हीच समजा. काढला तेव्हा वरून नवाकोरा दिसत होता. फर्स्ट स्टेजजवळ नळीवर जे रबरी टोपण असतं ते मागे सरकवलं, तर खाली नळीला बारीक बारीक चिरा. नखाने दाबल्यावर त्या उघडत होत्या. टोपण सरकवलं नसतं तर मी तोच सेट घेऊन पाण्यात उतरलो असतो.

भाड्याचा सेट रोज पाण्यात जातो, रोज कोणीतरी वापरतं, बिघडला तर लगेच कळतं. आपला वर्षभर गपचूप पडून असतो. पडून असलेल्या रबराचा भरवसा धरू नका.

शिरपूरची लेक

अण्णा, दोष माळ्याचा आहे, सेटचा नाही. माझा सेट सहा वर्षं जुना आहे. कपड्यांच्या कपाटात तळाशी, सुती पिशवीत, नळ्या मोठ्या वेटोळ्यात सैल ठेवलेला असतो. मोटारीच्या खोलीत तर कधीच ठेवू नका. विजेच्या मोटारीतून थोडा ओझोन निघतो आणि तो रबर खातो.

दुसरी गोष्ट पाण्याची. आपल्याकडे बोअरचं पाणी क्षाराचं. समुद्रातून आल्यावर त्यानेच धुतलं तर वाळल्यावर पांढरे डाग राहतात. मी जारचं पाणी आणून टबात तासभर भिजवते. फर्स्ट स्टेज सिलिंडरला जिथे बसतो त्या तोंडावरचं टोपण घट्ट लावायचं आणि भिजताना पर्ज दाबायचा नाही, नाहीतर पाणी नळीतून आत जातं.

सिलिंडर नसताना घरीही एक तपासणी करता येते. फर्स्ट स्टेजच्या तोंडावरचं टोपण घट्ट लावा, सेकंड स्टेज तोंडात धरा आणि हळूच आत ओढा. दोन-तीन क्षणांत ओढणं बंद पडलं पाहिजे, काहीच आत येता कामा नये. हवा येत राहिली तर पडदा, श्वास सोडायचा व्हॉल्व्ह किंवा माउथपीस कुठेतरी फाटलाय. ऑक्टोपसचंही असंच. गिरणाकाठी भाऊंचा माउथपीस कोणी असा ओढून पाहिला असता तर कदाचित तिथेच हातात आला असता.

मी स्वतःचा सेट नेते त्याचं खरं कारण मात्र वेगळं आहे. माझा जबडा लहान आहे. भाड्याचा मोठा माउथपीस धरून चाळीस मिनिटांत दाढा दुखतात, मग मी तो नकळत सैल सोडते. स्वतःची वस्तू असली की हाताला तिची सवय असते. घाबरल्यावर हात सवयीच्याच जागी जातो.

पांझरेकाठी (धुळे)

सगळे रेग्युलेटरवर बोलताय, पण रेग्युलेटर दोन असोत की चार, सिलिंडर एकच आहे. ऑक्टोपस त्याच फर्स्ट स्टेजवर, त्याच हवेवर चालतो. हवाच संपली तर दोन्ही एकदम बंद. खरा दुसरा श्वास म्हणजे वेगळं छोटं सिलिंडर आणि त्यावर वेगळा रेग्युलेटर, ज्याला पोनी म्हणतात.

हिशोब मांडतो. घाबरलेला माणूस मिनिटाला ३० लिटर हवा घेतो असं धरा. ३० मीटरवर दाब चौपट, म्हणजे मिनिटाला १२० लिटर. एक मिनिट सावरायला गेलं. मग मिनिटाला ९ मीटरच्या वेगाने वर यायला सव्वातीन मिनिटांच्या वर वेळ, त्यात सरासरी अडीचपट दाबाने साधारण २५० लिटर. ५ मीटरवर तीन मिनिटांचा थांबा, १३५ लिटर. बेरीज ५०० च्या पुढे. ३ लिटरचा पोनी २०० बारला भरला तर ६०० लिटर. पुरतो, पण फार शिल्लक राहत नाही.

बॅगेत मावतात ती हातभर लांबीची छोटी सिलिंडरं बघा. त्यांतल्या मोठ्या प्रकारात साधारण ८५ लिटर हवा असते. १८ मीटरवर जागच्या जागी एक मिनिट. मुलांना ते विकत घेऊन देणारे पालक मी पाहिलेत, आणि मला त्यांची काळजी वाटते.

पोनी घरून नेता येत नाही. भरलेलं सिलिंडर विमानात चालत नाही आणि रेल्वेच्या नियमांत रिकामं गॅस सिलिंडरही सामानात चालत नाही. तिथे आधी फोन करून मागायचा, घरून फक्त त्याचा रेग्युलेटर न्यायचा.

अमळनेरकर

वाचून भीती वाटली, म्हणून लिहितो. आपल्या भागातून जाणारे बहुतेक जण मालवण-तारकर्लीला ट्राय डाईव्ह, म्हणजे प्रमाणपत्राशिवायची चाखून बघायची डाईव्ह करतात. पाणी उथळ, प्रशिक्षकाचा हात कायम पाठीवर. त्यांना यातलं काहीच न्यायची गरज नाही. माझ्या पुतणीची ट्रिप पुढच्या महिन्यात आहे, हा धागा तिच्या आईने वाचला तर ट्रिप रद्द होईल. कोणासाठी लिहितोय ते आधी सांगत जा, भो.

गिरणाकाठी (जळगाव)

अमळनेरकर दादा, बरोबर. हा धागा प्रमाणपत्र घेतलेल्यांसाठी आहे, वरच लिहायला हवं होतं. ट्राय डाईव्हवाल्यांनी बिनधास्त जावं.

भुसावळकर, तुमच्या पोस्टनंतर दोन दिवस विचार केला. अंगावरचं आणि बॅगेतलं मी एकत्र केलं होतं, हे मान्य. बॅगेतल्या जादा सेकंड स्टेजचा हट्ट सोडला. पण स्वतःचा रेग्युलेटर नेण्याचा सोडत नाही. तुम्ही म्हणता तपासा. मी तपासलं नाही ही माझी चूक, पण भाड्याच्या सेटचा तो टाय किती जुना होता, ऑक्टोपसची क्लिप किती ढिली होती, हे पाच मिनिटांत बोटीच्या हेलकाव्यात मला कसं कळणार? स्वतःच्या सेटचा प्रत्येक टाय मी घरी ओट्यावर बसून बदलू शकतो.

वजनाचंही बघितलं. दोन्ही सेकंड स्टेज आणि गेजसह सेट अडीच-तीन किलोचा. विमानात केबिन बॅगेत ७ किलो चालतात. आणि या वेळी विमान नाहीच, कर्नाटकात मुरुडेश्वरजवळच्या नेत्राणी बेटावर जायचंय. भुसावळहून मंगला एक्स्प्रेस, कारवारला उतरून पुढे मुरुडेश्वर. रेल्वेत थ्री एसीला ४० किलो मोफत.

भुसावळकर

मग सर्व्हिसचं बोला. ती मुंबई-पुण्याकडे पाठवूनच होणार. वर्षाला एक ट्रिप करणारा माणूस निघायच्या आदल्या आठवड्यात सर्व्हिस करून आणतो आणि तसाच बोटीवर चढतो. नुकताच उघडून जोडलेला रेग्युलेटर पहिल्या एक-दोन डाईव्हला कुरकुरतो, सेटिंग थोडं हलतं. भाड्याच्या सेटने हे कधीच पार केलेलं असतं.

शिरपूरची लेक

म्हणून सर्व्हिस ट्रिपच्या दोन महिने आधी करायची आणि पहिली डाईव्ह १० मीटरपेक्षा उथळ ठेवायची. भुसावळकर दादा, तुम्ही मांडताय त्या अडचणी नियोजनाच्या आहेत. स्वतःचा सेट नेऊ नका असा अर्थ त्यातून निघत नाही.

भुसावळकर

ताई, नियोजन करणाऱ्याला मी अडवत नाही. करणारे कमी आहेत एवढंच म्हणतो, आणि त्यावर मी ठाम आहे. केळीवाल्या अण्णांसारखा टोपण सरकवून बघणारा दहांत एखादा.

गिरणाकाठी भाऊ, तुमचा नवा सेट डीन प्रकारचा, म्हणजे व्हॉल्व्हमध्ये आट्यांनी फिरवून बसणारा असेल तर तिथल्या सिलिंडरला बसेलच असं नाही. बऱ्याच ठिकाणी योकचेच, म्हणजे वरून पकडीने आवळायचे व्हॉल्व्ह असतात. माझ्याकडे डीनचं योक करणारं अडॅप्टर पडून आहे, सोबत चार ओ-रिंगा आणि दोन माउथपीसही. गाडीची तारीख कळवा, स्टेशनवर आणून देतो. आणि मेहुण्यांना घेऊन या, त्यांना भेटायचंय.