बजेटमधला कर्व्ह मॉनिटर घ्यावा का? काम ऑटोकॅडचं आहे

नकाशेवाली_मानेवाडा

नमस्कार मंडळी. मी घरूनच इमारतींचे नकाशे काढते, बहुतेक महापालिकेच्या मंजुरीचे. ऑटोकॅड दिवसभर उघडं असतं. आताचा मॉनिटर साडेअठरा इंची, १३६६ बाय ७६८चा. त्यावर जिना आणि दाराची मापं वाचायची तर सारखं झूम करावं लागतं.

इथे नागपुरात बर्डीला एका दुकानात २४ इंची कर्व्ह, म्हणजे बाकदार पडद्याचा मॉनिटर पाहिला. फुल एचडी (१९२० बाय १०८०), व्हीए पॅनल, १८००आर, ७५ हर्ट्झ, साडेनऊ हजार. त्याच भावात सपाट आयपीएसही आहे (व्हीए आणि आयपीएस हे पडद्याच्या पॅनलचे दोन प्रकार). दुकानदार म्हणतो कर्व्हने डोळ्यांना आराम पडतो. मला तो दिसायला फार आवडला. पण भिंतीची सरळ रेघ त्यावर वाकडी दिसेल का? शिवाय घर बांधणारे लोक माझ्या बाजूला खुर्ची टाकून बसतात आणि तिथूनच बदल सांगतात. टेबल दोन फूट खोल आहे, खिडकी पश्चिमेला, माझ्या पाठीमागे. कोणी वापरून राहिलं असेल तर सांगा.

हॉस्टेल_रूम

घेऊन टाका ताई. माझ्याकडे असाच आहे. रात्री लाइट बंद करून पिक्चर पाहिला की काळा रंग खरंच काळा दिसतो. गेम तर मस्तच चालतात.

डीटीपी_महाल

ताई, मी महालात डीटीपीचं काम करतो, लग्नपत्रिकांपासून स्मरणिकांपर्यंत. ऑफिसात सपाट आयपीएस आहे आणि घरी मुलासाठी घेतलेला २४ इंची कर्व्ह. दोन्हींवर पानं लावली आहेत, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

१८००आर म्हणजे १८०० मिलिमीटर, म्हणजे १.८ मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा बाक. २४ इंची पडदा साधारण ५३ सेंटीमीटर रुंद असतो. एवढ्या रुंदीवर या बाकाने कडा मधल्या भागापेक्षा जेमतेम दोन सेंटीमीटर पुढे येतात. तुम्ही ६० सेंटीमीटरवर बसलात तर सपाट पडद्याची कड डोळ्यापासून साडेपासष्ट सेंटीमीटरवर पडते, कर्व्हची चौसष्टच्या आसपास. डोळ्यांना आराम म्हणतात तो एवढ्या फरकातून येणार नाही. बाकाचा खरा उपयोग ३४ इंची लांबट पडद्याला. तो ८० सेंटीमीटर रुंद असतो आणि सपाट असला तर त्याच्या कडा ७२ सेंटीमीटरवर जातात.

रेघेचं म्हणाल तर उभ्या रेघा उभ्याच दिसतात. आडव्या रेघा डोळ्याच्या उंचीवर सरळ, पण वरच्या आणि खालच्या कडेला टोकं किंचित वर-खाली गेल्यासारखी वाटतात. त्याची सवय होते आणि छापलेल्या नकाशात काहीच बदलत नाही. या एका कारणासाठी मी कर्व्ह नाकारणार नाही.

तुम्हाला नडेल ते पॅनल. स्वस्त कर्व्ह बहुतेक व्हीएच असतात. समोर बसणाऱ्याला त्याचा काळा छान दिसतो, कारण कॉन्ट्रास्ट, म्हणजे पांढऱ्या-काळ्याच्या उजेडातला फरक, ३०००:१च्या आसपास असतो आणि साध्या आयपीएसचा १०००:१. वरच्या भावाने काळ्याचं सांगितलं ते बरोबरच आहे. पण बाजूला बसलं की व्हीएचे रंग फिके पडतात. खोक्यावर दोन्हींच्या बघण्याचा कोन १७८ अंश छापलेला असतो, त्यावर जाऊ नका. तो आकडा कॉन्ट्रास्ट १०:१पर्यंत उतरला तरी चालतो असं धरून मोजलेला असतो, रंग कसे राहतात ते त्यात येत नाही. तुमचं गिऱ्हाईक बाजूलाच बसतं. पाडायची भिंत पिवळी आणि नवीन लाल दाखवली, तर त्याला ती तशीच दिसली पाहिजे. तिथे गल्लत झाली तर भोगतो घर बांधणारा.

माझं मत सरळ आहे: त्याच भावात सपाट आयपीएस मिळत असेल तर तो घ्या.

नकाशेवाली_मानेवाडा

दादा, खूप आभार. इतकं नीट कोणी सांगितलं नव्हतं. एक विचारते, माझं ऑटोकॅड काळ्या पार्श्वभूमीवर असतं. मग व्हीएचा काळा माझ्या कामाचाच ना? आणि दुकानदार हजार-दीड हजार वाढवून २७ इंची कर्व्ह घ्या म्हणतो.

डीटीपी_महाल

स्थिर नकाशात हो. पण स्वस्त व्हीएमध्ये गडद रंगावरून दुसऱ्या गडद रंगावर जायला पिक्सेलला, म्हणजे पडद्यावरच्या ठिपक्याला, वेळ लागतो. काळ्यावर राखाडी हॅच (बारीक रेघांची भरण) असलेला नकाशा सरकवला की रेघांमागे सावली ओढल्यासारखी दिसते. तुम्ही दिवसभर नकाशा सरकवतच असता. दुकानात जाताना स्वतःची ऑटोकॅडची (डीडब्ल्यूजी) फाइल पेनड्राइव्हमध्ये न्या. ऑटोकॅड नसेल तर काळ्या पार्श्वभूमीची पीडीएफ करून न्या, ती सरकवून पाहा. मग खुर्ची बाजूला घेऊन तीच फाइल पुन्हा पाहा.

२७ इंची फुल एचडी तुमच्यासाठी नको. पिक्सेल तेवढेच, फक्त मोठे होतात. २४ला इंचामागे साधारण ९२ पिक्सेल पडतात, २७ला ८२. बारीक मापं उलट भरड दिसतील. २७ घ्यायचाच असेल तर २५६० बाय १४४०चा, पण तो या पैशात बसणार नाही.

सीपीयू_दुरुस्ती_इतवारी

दोन गोष्टी माझ्याकडून. ताई, तुमच्या जुन्या सीपीयूला मॉनिटरच्या केबलसाठी एचडीएमआय सॉकेट आहे का ते मागून पाहून घ्या. फक्त जुनं निळं व्हीजीए सॉकेट असेल तर फुल एचडीवर अक्षरं थोडी पुसट येऊ शकतात, मग कोणताही मॉनिटर घेतला तरी जीव रमणार नाही. आणि पाठीमागे पश्चिमेची खिडकी असेल तर उन्हाळ्यात चार वाजल्यापासून पडद्यावर उजेड येणारच. सपाट मॉनिटर थोडा तिरपा फिरवला की तो उजेड बाजूला काढता येतो. कर्व्हची एक कड वाचवली तर दुसरी पकडते. खिडकीला जाड पडदा लावा, नाहीतर टेबल उत्तरेच्या भिंतीला घ्या म्हणजे खिडकी बाजूला येईल.

नकाशेवाली_मानेवाडा

सीपीयूला एचडीएमआय आहे, आताच पाहिलं. टेबल सरकवायला जागा नाही, पडदा लावते. सपाट आयपीएस २४ इंचीच घेईन. शनिवारी फाइल घेऊन बर्डीला जाते आणि बाजूला बसून पाहायला आईला सोबत नेते.

डीटीपी_महाल

बिल देण्याआधी पडदा एकदा पूर्ण पांढरा आणि एकदा पूर्ण काळा करून पाहा, मेलेला पिक्सेल तिथेच दिसतो. एक-दोन पिक्सेलसाठी कंपन्या सहसा मॉनिटर बदलून देत नाहीत. दुकानदार तिथल्या तिथे दुसरा खोका उघडून देऊ शकतो.