विविध समाजांच्या नव्या देशात प्रतिनिधी कोणी निवडावेत?

अभ्यासू (प्रश्न): आमच्या अभ्यासमंडळात एका काल्पनिक देशाची राज्यघटना लिहिण्याचा उपक्रम चालू आहे. देश नुकताच स्वतंत्र झालेला असून त्यात तीन मोठे समाज आणि भाषा-धर्माने निराळे असे कितीतरी लहान समाज आहेत. प्रत्येक समाजाने आपले प्रतिनिधी आपणच निवडावेत, म्हणजे कोणावर अन्याय होणार नाही, असे बहुतेकांचे मत पडले. मला ते पटत नाही, पण नेमके काय खटकते ते मांडता येत नाही.

वऱ्हाडकर: खटकते ते हे की, अशा व्यवस्थेत उमेदवाराला परक्या समाजाच्या दारात मत मागायला जावेच लागत नाही. तुमचे वर्णन नायजेरियाशी बरेच जुळते. १९६० साली स्वातंत्र्य मिळाले तेव्हा तेथे स्वतंत्र मतदारसंघ, म्हणजे प्रत्येक समाजाने फक्त आपले प्रतिनिधी निवडण्याची पद्धत, नव्हती, तरीही उत्तर, पश्चिम आणि पूर्व अशा तीन प्रांतांत तीन पक्ष आपापल्या समाजाच्या बळावर उभे राहिले आणि पुढे १९६७ ते १९७० या काळात यादवी युद्ध झाले. म्हणून १९७९ च्या घटनेत अशी अट घातली गेली की, राष्ट्राध्यक्षाला सर्वाधिक मते तर हवीतच, शिवाय किमान दोन तृतीयांश राज्यांत प्रत्येकी एक चतुर्थांश मतेही हवीत. तीन प्रांतांची तोवर राज्ये मात्र झाली होती १९! त्या वर्षीच्या निवडणुकीत सर्वाधिक मते मिळवणाऱ्या शेहू शगारी यांनी १२ राज्यांत अट पूर्ण केली, तेराव्या कानो राज्यात त्यांना जेमतेम एक पंचमांश मते मिळाली आणि १९ चे दोन तृतीयांश म्हणजे किती, हा वाद त्यांचे प्रतिस्पर्धी ओबाफेमी अवोलोवो यांनी सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला. निकाल शगारींच्या बाजूने लागला. अट मला योग्यच वाटते; तुम्ही फक्त राज्यांची संख्या तिनाने भाग जाणारी ठेवा.

अभ्यासू: राष्ट्राध्यक्षापुरते हे ठीक आहे. परंतु कायदेमंडळात लहान समाजाच्या राखीव जागेवरही सर्वांनी मत दिले, तर बहुसंख्याकांना सोयीचा, मिळमिळीत माणूसच निवडून येणार नाही का?

जुने पान: हा आक्षेप पुणे करारापासून चालत आला आहे. ब्रिटिश सरकारच्या ऑगस्ट १९३२ च्या जातीय निवाड्याने दलितांना स्वतंत्र मतदारसंघांतून ७१ जागा देऊ केल्या होत्या. २४ सप्टेंबरला येरवड्यात झालेल्या करारात जागा १४८ झाल्या, पण मतदारसंघ संयुक्त झाले, म्हणजे त्या जागांवर सर्वच मतदार मत देणार होते. तडजोड म्हणून प्राथमिक फेरी ठेवण्यात आली, तीत केवळ दलित मतदारांनी चार उमेदवार निवडायचे आणि त्या चौघांतून एकाला सर्व मतदारांनी निवडायचे होते. त्यातली गोम अशी की, स्वतःच्या समाजाने चौथ्या क्रमांकावर ठेवलेला उमेदवारही अंतिम फेरीत बाजी मारू शकत होता. मी घटना लिहीत असतो तर प्राथमिक फेरी ठेवली असती आणि समाजाची किमान ठरावीक मते मिळवणाऱ्यालाच पुढे जाऊ दिले असते.

सीमेवरचा: नेपाळचा दाखला अगदी खालच्या पातळीवरचा आहे. तेथे प्रत्येक प्रभागात एक अध्यक्ष व चार सदस्य असतात. त्यांपैकी दोन स्त्रिया आणि त्यांतली एक दलित असावी लागते, आणि तिला मत प्रभागातले सगळेच देतात. २०१७ साली साडेसहा हजारांहून अधिक दलित स्त्रिया अशा निवडून आल्या. काही प्रभागांत मात्र उमेदवारच न मिळाल्याने ती जागा रिकामी राहिली, तेव्हा अशा वेळी काय करायचे याचे कलमही मसुद्यात आधीच घालून ठेवा.