मदत हवी आहे : खाणं पोटात जातंय, तरी चरबी झडतेय. गाठ नेमकं करते काय?

माझ्या थोरल्या भावाला स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे, केमो चालू आहे. वजन ७४ वरून ६५ वर आलंय. भूक कमी झालीय, पण इतकीही नाही. आधी पोट उतरलं, मग गाल, आता कानशिलाशी खड्डे पडलेत. लाकडी खुर्चीवर हाडं टोचतात म्हणतो. घरातले सगळे 'अजून दोन घास' म्हणून मागे लागतात, तो चिडतो. वहिनीला वाटतं, आपणच कुठेतरी कमी पडतोय. डॉक्टर 'कॅकेक्सिया' म्हणाले आणि पुढचा पेशंट आत आला.

सीटीत गाठ जेमतेम ३ सेंमीची आहे. तेवढीशी गाठ इतकी चरबी फस्त करते? कृपया व्हॉट्सॅपवरचे रामबाण उपाय नकोत.

प्रतिसाद १
ताई, कॅकेक्सिया म्हणजे आजारामुळे चरबी आणि स्नायू झडत जाणं. यात गाठ चरबी खात नाही, शरीरालाच ती मोकळी करायला लावते. चरबीच्या पेशीत साठा असतो ट्रायग्लिसराइडचा. एटीजीएल नावाचं एन्झाइम तो फोडायला सुरुवात करतं आणि फॅटी अ‍ॅसिड रक्तात उतरतात. एरवी हे उपाशीपोटी चालतं, जेवलं की इन्सुलिन त्याला आवर घालतं. कॅन्सरमध्ये गाठीतून आणि आपल्याच प्रतिकारशक्तीच्या पेशींतून आयएल-६, टीएनएफ असली दाह वाढवणारी रसायनं सुटत राहतात, त्यामुळे तो आवर सैल पडतो. म्हणजे ताट भरलेलं असलं तरी शरीर उपासाच्या हिशेबानेच चालतं.

२०११ मध्ये एटीजीएल नसलेल्या उंदरांवर प्रयोग झाला. गाठ असूनही त्यांची चरबी टिकली, आणि मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते हे, की स्नायूही बऱ्यापैकी वाचले. साठा करणारी पांढरी चरबी उष्णता निर्माण करणाऱ्या तपकिरी चरबीसारखी वागून ऊर्जा नुसती उष्णतेत घालवते, हेही उंदरांत दिसलंय. माणसांत ते तितकं सरसकट दिसत नाही.

भुकेचं म्हणाल तर जीडीएफ-१५ हे प्रथिन मेंदूच्या तळाशी जाऊन भूक मारतं. ते अडवणाऱ्या पोन्सेग्रोमॅब या औषधाच्या २०२४ च्या चाचणीत रुग्णांचं वजन वाढलं. तेव्हा वहिनींना सांगा, त्यांचं काही चुकत नाहीये. नुसत्या खाण्याने हे पूर्ण भरून येत नाही, कॅकेक्सियाच्या व्याख्येतच तसं म्हटलंय. आणि ते 'दोन घास' खरंच थांबवा.

प्रतिसाद २
वरचं सगळं बरोबर, पण स्वादुपिंड म्हटल्यावर आधी वेगळं विचारीन. शौच तेलकट, फिकट, भांड्याला चिकटणारं होतं का? पाचकरस आतड्यात पोचत नसेल, तर खाल्लेलं तूप-तेल तसंच बाहेर पडतं. ही गळती वेगळी आणि तिच्यावर औषध आहे. शुगरही तपासून घ्या, या आजारात ती बऱ्याचदा वाढते आणि त्यानेही वजन उतरतं.

धागाकर्ती
हो, तसंच होतं! केमोमुळे असेल म्हणून त्याने कुणाला सांगितलंच नाही. ते औषध कोणतं?

प्रतिसाद २
पॅन्क्रिएटिक एन्झाइमच्या कॅप्सूल. डोस डॉक्टरच ठरवतील, पण घ्यायच्या जेवताना, पहिल्या घासाबरोबर. जेवण उरकल्यावर घेतल्या तर अन्न पुढे सरकलेलं असतं. दूध, बिस्किटं अशा मधल्या खाण्याबरोबरही लागतात, ते आवर्जून विचारून घ्या.