मीटर 1.2 दाखवतो, तरी 4 नंबरचा डंपर ऐकूच येत नाही

चोपडा_डंपर:
रस्त्याच्या कामावर आमचे 11 डंपर. प्रत्येकात बोलायला 25 वॅटचा व्हीएचएफ वायरलेस सेट, अँटेना केबिनच्या टपावर. 4 नंबरची गाडी क्रशरपासून जरा लांब गेली की तिचा नुसता खरखराट. आमचं बोलणं मात्र तिला ऐकू जातं. सेट बदलून पाहिला, तेच. एसडब्ल्यूआर मीटर (अँटेनाकडून किती पॉवर परत फिरते ते दाखवतो, 1 च्या जितकं जवळ तितकं चांगलं) सेटच्या मागे लावला तर 1.2. बाकीच्या बहुतेक गाड्या 1.5-1.6 दाखवतात, म्हणजे ही तर त्यांच्यापेक्षा चांगली! मालक म्हणतो नवीन सेट घे.

भुसावळ_वायरलेस:
सेट घेऊ नको भो. त्या 1.2 ला भुलला तू. केबल खराब असली की वर जाणारी पॉवर वाटेतच मुरते. अँटेनाकडून जी परत फिरते तीही येताना मुरते. मीटरपर्यंत काही पोचतच नाही, मग तो बिचारा सगळं छान म्हणतो.
असं कर. वरून अँटेना काढ, सेट लो पॉवरवर टाक, बोलायचं बटण एक सेकंदच दाब. जास्त दाबलं तर सेटचा आउटपुट ट्रान्झिस्टर जाईल, मग मला शिव्या देऊ नको. धड केबल असेल तर काटा पार टोकाला जाणार. दोन-तीनवरच घुटमळला, तर चोर केबल. तुम्हाला तिचं ऐकू येत नाही आणि तिला तुमचं येतं, कारण बेसची, म्हणजे तुमच्या मुख्य सेटची, पॉवर जास्त असणार.

धुळ्याचा_टँकरवाला:
टपाचा रंग खरवडून अँटेनाला अर्थिंग नीट दिलंय का तेही बघा. आमच्याकडे दोनदा तेच निघालं.

चोपडा_डंपर:
अँटेना काढून दाबलं, मीटर 1.9! मग अँटेनाच्या बुडाशी केबल कापली. आतली तांब्याची जाळी काळीठिक्कर, कापल्यावर ओलसर हिरवट काहीतरी. कनेक्टरवरची टेप मे महिन्यात वितळून सरकलेली.

भुसावळ_वायरलेस:
वात तेल ओढते तशी जाळी पाणी ओढते, गेल्या पावसाळ्याचंच असणार. वरचा वीतभर कापून भागणार नाही, अख्खी बदल. 5 मीटर आरजी-58 केबलला पैसे किती लागतात! नवीन टाकताना दारातून नेऊ नको, दार आपटून चेपते. केबिनच्या रबरी बुचातून आत घे आणि बाहेर खाली एक झोल सोड, म्हणजे पाणी तिथून टपकेल. कनेक्टरवर आधी स्वतःलाच चिकटणारी रबरी टेप ताणून, वर साधी काळी. नुसती काळी आपल्याकडच्या उन्हात टिकत नाही, 45 डिग्रीला डिंक होतो तिचा.

चोपडा_डंपर:
बदलली. मीटर आता 1.6, आणि गाडी साईटच्या टोकावरून खणखणीत. मालकाला 1.2 पेक्षा 1.6 चांगला कसा, हे समजावताना घाम फुटला.
7 नंबर 1.1 दाखवते. इतके दिवस तिचं कौतुक करायचो, उद्या तिची अँटेना काढतो.